स्कोअरमागचा माणूस

कागदाला पाय नसतात, हे दयाराम अवसरमोल यांच्याइतकं बुलढाण्यात कोणालाच पटलेलं नव्हतं. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांचे केस पिकले होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची आणि कागद पुढच्या टेबलाकडं ढकलायचा, एवढंच काम. पण एवढ्याशा कामातून माणसाला ज्ञान होतं. ज्या कागदामागं माणूस उभा असतो तो संध्याकाळपर्यंत साहेबाच्या सहीला जातो, आणि ज्याच्यामागं कोणी नसतं तो कपाटावर चढून बसतो. धाडहून, मलकापूरहून लोक एस.टी.नं यायचे, "साहेब, माह्या कागदाचं काय झालं?" विचारायचे. दयारामजी मायेनं सांगायचे, "बापू, घरी नको जाऊ. उभा राह्य इथंच."

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं, मनालीनं, एका संध्याकाळी जेवताना सांगितलं, "बाबा, स्कोअर आपोआप जाते."

दयारामजींचा घास हातातच राहिला. सुवर्णाबाई भाकरी वाढत होत्या, त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ओळखलं, की आता या घरात काही दिवस सुख नाही.

"आपोआप म्हंजे कसं?"

"परीक्षा घेनारे लोकं कॉलेजले डायरेक्ट पाठवतात. कॉम्प्युटरवरून. आपल्याले काही कराचंच नाही."

"आन् पोच?"

"कशाची पोच?"

"पोच कोन देईन?" दयारामजी म्हणाले. "आमच्या कचेरीत पंखा बी आपोआप फिरत नाही बाप्पा. त्याले काडीनं ढकला लागते."

आता हा स्कोअर काय आणि कुठं जायचा होता, ते सांगायला पाहिजे. मनालीनं अकोल्याला शेतीची डिग्री घेतली होती आणि तिला मातीचं वेड होतं. आपल्याकडची काळी, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी माती. त्याच मातीवर अमेरिकेत एका थंड गावातल्या कॉलेजात एक प्रोफेसर काम करत होता. मनालीनं त्याला बिचकत बिचकत लिहिलं, तर त्यानं चार ओळींचं उत्तर पाठवलं: माझ्या कामावर एक जागा आहे, याच वर्षी आहे, अर्ज कर. त्या चार ओळी मनालीला पाठ होत्या, आणि खरं सांगायचं तर सुवर्णाबाईंनाही झाल्या होत्या. अर्ज, गुणपत्रिका, शिफारसपत्रं, सगळं मनालीनं स्वतः पाठवलं. राहिला परदेशी कॉलेजांसाठी द्यायच्या परीक्षेचा स्कोअर. तो विद्यार्थ्यानं पाठवून चालत नाही, परीक्षा घेणाऱ्यांकडूनच जावा लागतो, आणि तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोचला नाही तर अर्ज बाद. जागा गेली, प्रोफेसर गेला, माती इथली इथंच.

परीक्षेचा फॉर्म मात्र दयारामजींनी भरला होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. मनालीचं तेव्हा अकोल्याला प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून ते गुलाम रसूलच्या सेंटरवर गेले. गुलाम रसूल त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. कोर्टाच्या रस्त्याला त्याचं ऑनलाइन सेंटर. पीकविमा म्हणा, जातीचा दाखला म्हणा, रेल्वेचं तिकीट म्हणा, जगात जे जे भरायचं असतं ते तिथं भरून मिळतं. दोघांनी दहावीची सनद समोर ठेवली. दयारामजींनी एकेक अक्षरावर बोट ठेवलं, गुलाम रसूलनं टाइप केलं, मग दोघांनी मोठ्यानं वाचून पाहिलं.

"एका अक्षराची चूक दाखव," दयारामजी म्हणाले होते, "मिशी काढून टाकतो."

मिशी चांगली होती, म्हणून हे लक्षात ठेवा.

तर मनालीनं नागपूरला जाऊन परीक्षा दिली, मार्क उत्तम पडले, स्कोअर पाठवल्याचं कळलं, आणि घरात सगळे वाट पाहू लागले. कॉलेजनं मनालीच्या नावाचं एक पान केलं होतं. अर्जापुढं हिरवी खूण, गुणपत्रिकेपुढं हिरवी खूण, शिफारसपत्रांपुढं हिरवी खूण, आणि स्कोअरपुढं रिकामं. दिवाळी गेली, थंडी पडली, तूर शेंगांवर आली, तरी रिकामं. मनाली रोज सकाळी ते पान उघडायची आणि तिच्या खांद्यावरून दयारामजी पाहायचे.

"कपाटावर चढला थो," ते म्हणायचे. "म्या सांगतलं होतं."

शेजारी शेषराव गुरुजी राहायचे. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा एक पुतण्या कधीकाळी दुबईला जाऊन आला होता, त्यामुळं परदेशाच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. ते पेपर मागायला आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दयारामजी, साक्षांकित प्रत पाठवली का?"

"नाही जी."

"मंग! साक्षांकित नाही त्या कागदाले जगात कोन विचारते? राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्या, गोल शिक्का घ्या, आन् पाठवा. आन् एक करा, थितला शिपाई कोन हाय त्याची चौकशी करा. साहेबाच्या मांगं लागून काही होत नसते. शिपाई धरा लागते."

मनाली म्हणाली, "गुरुजी, विद्यार्थ्यानं पाठवलेली प्रत चालत नाही त्याहिले."

"चालत नाही असं समदेच म्हनतात," गुरुजी म्हणाले. "मंग चालवून घेतात."

दयारामजींना हे बोलणं ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते स्कोअरची प्रिंट घेऊन एका ओळखीच्या साहेबाकडं गेले. साहेबांनी कागद उलटासुलटा केला. "मूळ प्रत?"

"मूळ प्रत कॉम्प्युटरात हाय साहेब."

"मूळ प्रत पाहिल्याशिवाय सही कशी करू? कॉम्प्युटर आणा."

दयारामजींना यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट एवढा नियमाचा माणूस अजून शिल्लक आहे, याचा आनंद झाला. त्यांनी मनालीचा लॅपटॉप धुतलेल्या टॉवेलात गुंडाळला आणि छातीशी धरून बाजारातून नेला. रस्त्यात तिघांनी "काय झालं, बाळ का?" म्हणून विचारलं. साहेबांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, कागदावरचा पाहिला, पुन्हा पडद्यावरचा पाहिला आणि "खरी प्रत" असा शिक्का मारला. एक शिक्का लॅपटॉपच्या झाकणाकडंही निघाला होता, पण दयारामजींनी वेळेवर टॉवेल टाकला.

लिफाफ्याला त्यांनी पाच जागी लाख लावली आणि कचेरीतली जुनी मोहोर उमटवली. पोस्टात खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?"

"स्कोअर."

"खायचा असंन तर वेगळा फॉर्म आहे."

"परीक्षेचा स्कोअर हाय हो."

"मग 'कागद' लिहा ना काका."

आयुष्यभर कागदाला मान दिलेल्या माणसाला नुसतं 'कागद' लिहिताना वाईट वाटलं. त्यांनी 'महत्त्वाचा कागद' लिहिलं.

एवढ्यावर गप्प बसले असते तर ते दयाराम अवसरमोल कसले? लिफाफा गेल्यावर त्यांनी गुलाम रसूलच्या सेंटरवरून कॉलेजला ईमेल पाठवला. विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर" हे सगळं इंग्रजीत करून, आणि खाली सही: दयाराम अवसरमोल. मनालीचं नाव मजकुरात कुठंतरी होतं, पण सरकारी पत्रात सही करणारा मोठा असतो, मजकूर नव्हे. आठ दिवसांनी पहिलं स्मरणपत्र गेलं. मग दुसरं, कॉलेजच्या दुसऱ्या एका पत्त्यावर. हे मनालीला ठाऊक नव्हतं. पोरीच्या डोक्याला ताप नको, असा त्यांचा विचार.

आणि काय सांगावं, दुसऱ्या स्मरणपत्राला मिनिटाच्या आत उत्तर आलं! आपण आमच्यात रस दाखवलात त्याबद्दल मनापासून आभार, आपला संदेश आमच्यापर्यंत पोचला आहे.

"पोच!" दयारामजी ओरडले. "गुलाम्या, पोच आली बे!"

गुलाम रसूलनं रंगीत प्रिंट काढली. दयारामजींनी पेढे घेतले, कचेरीत वाटले, साहेबांना दिले, शेषराव गुरुजींना दिले. गुरुजी पेढा खाऊन म्हणाले, "पाह्यलं? साक्षांकित." संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ती प्रिंट मनालीच्या हातात ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला. मनालीनं वाचलं. तिला हसू आलं, पण बापाच्या तोंडाकडं पाहून तिनं ते गिळलं.

"बाबा, हे मशीनचं उत्तर हाय. कोनी बी काही लिहिलं तरी हेच येते."

"मनापासून आभार लिहिलं ना त्यात?"

"मशीनच्या मनापासून."

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत जो तो विचारू लागला, "मंग, पोरगी कवा जाऊन राह्यली?" दयारामजी चहाच्या टपरीवर जायचे बंद झाले. पाण्याचा माठही लांबचा धरला. पेढे खाल्लेला माणूस उत्तर मागतोच, त्यात त्याची चूक नाही.

संक्रांत तोंडावर आली आणि मग खरा दणका बसला. मनालीनं परीक्षावाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, स्कोअर कधीचाच पोचला, कॉलेजनं घेतलासुद्धा. तिनं कॉलेजला लिहिलं. कॉलेज म्हणालं, तुमचा स्कोअर आमच्याकडं नाही, मुदत वाढवता येत नाही, क्षमस्व. दोघंही खरं बोलत होते आणि स्कोअर मधल्या मध्ये कुठंतरी बसला होता.

त्या दिवशी मनाली जेवली नाही. गच्चीवर जाऊन बसली. सुवर्णाबाई ताट घेऊन वर गेल्या आणि तसंच घेऊन खाली आल्या.

"पोरीनं तीन साल काळ्या मातीनं भरलेल्या डब्या उशाशी ठेवल्या," त्या म्हणाल्या. "तुमी काहीतरी करा ना हो. तुमचं ते शिक्क्याचं नाही. खरंखुरं काहीतरी."

दयारामजींना ते लागलं. रागानं नाही, खरं होतं म्हणून. आपल्या लेकीचं चांगलं व्हावं म्हणून आपण गावभर लॅपटॉप मिरवला आणि लेक उपाशी गच्चीवर बसली आहे, या विचारानं त्यांना रडू यायला लागलं. ते तसेच उठले, चप्पल घातली आणि गुलाम रसूलकडं गेले.

"माणूस उभा करा लागते," ते म्हणाले.

"कुठं?"

"थितं. कॉलेजात. खिडकीपुढं."

गुलाम रसूलच्या ध्यानात सगळं आलं आणि त्यानं नजर चुकवली. कारण त्याची लेक उमैमा लग्न होऊन अमेरिकेत होती. जावई अकील, मलकापूरचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. भिंतीवरच्या नकाशात त्यांचं गाव आणि ते कॉलेज यांच्यात नखाएवढं अंतर होतं. पण जावयाला काम सांगायचं? जावई घरी आला तर त्याला पाण्याचा पेला उचलू देत नाहीत, आणि त्याला म्हणायचं, बर्फातून जा आणि एका खिडकीपुढं उभा राह्य?

"दयाराम, दुसरं काही बी सांग यार. जान माग. दामादले काम कसं सांगू? लोकं काय म्हनतीन? बिस्मिल्ला काय म्हनन?"

बिस्मिल्ला म्हणजे त्याची बायको. ती आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, गुलाम रसूलच्या हातातून फोन घेतला आणि लेकीला लावला. "उमैमा, मनालीचं काम अडलं हाय बेटा. हाव, आपलीच मनाली. तिच्या सायकलीच्या मांगं तूच धावे ना?" पुढचं बोलणं झालं ते पाच मिनिटांत. जावयाला सासऱ्यानं काम सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं. त्याला जगात कुठंच बंदी नाही.

नखाएवढं अंतर म्हणजे गाडीनं सहा तास निघाले. अकील आदल्या दिवशीच जाऊन तिथं मुक्कामाला राहणार होता. सुवर्णाबाईंनी उमैमाला फोनवरून तीळगुळाची रीत सांगितली. "सन हाय. त्या खिडकीतल्या बाईचं तोंड गोड करजो म्हना."

दयारामजी घाबरले. "अवो, लाच व्हते थे!"

"तीळगूळ लाच व्हते?"

त्यांनी बराच विचार केला आणि निर्णय दिला. "कामाच्या आंधी देला तर लाच. काम झाल्यावर देला तर सन. अकीलले हे नीट समजावून सांग म्हना."

संक्रांतीच्या दिवशी, आपल्याकडं रात्रीच्या जेवणाची वेळ होती तेव्हा, तिथं कॉलेज उघडलं. अवसरमोलांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. शेषराव गुरुजी खुर्चीत, गुलाम रसूल आणि बिस्मिल्ला पलंगावर, मनाली लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली, सुवर्णाबाई दारात. दयारामजी उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, कारण ते बसणार नव्हते. गुलाम रसूलचा फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात अकील दिसत होता, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. त्याच्यामागं एक खिडकी आणि खिडकीत चष्मा लावलेली, पिकल्या केसांची एक बाई.

अकीलनं तिला सांगितलं. बाईनं मनालीचं पान उघडलं. "मनाली अवसरमोल. अर्ज आहे, सगळं आहे. स्कोअर नाही," ती म्हणाली. अकील मराठी करून सांगत होता.

"उभा राह्य," दयारामजी इकडून म्हणाले. "हालू नको."

अकील उभा राहिला. बाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो हलेना. मागं दोन विद्यार्थी येऊन थांबले, तरी हलेना. बाईनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा कळफलक बडवायला लागली. मग थांबली. चष्मा वर केला.

"या आडनावाचा दुसरा एक जण मात्र आहे," ती म्हणाली. "आडनावाचा म्हणजे, त्याचं पहिलं नाव अवसरमोल आहे. आडनाव दयाराम."

ती पडद्यावरचं पुढं वाचत गेली.

"मिस्टर दयाराम यांचा स्कोअर आमच्याकडं ऑक्टोबरमध्येच आला आहे. फार छान स्कोअर आहे. त्यांनी तो नंतर पोस्टानंही पाठवला, लाल मोहरा लावून. तो लिफाफा आम्ही फळ्यावर लावलाय, इतका सुंदर आहे. शिवाय त्यांची तीन पत्रं आहेत. इतका उत्सुक उमेदवार मी आजवर पाहिला नाही. फक्त त्यांनी अर्जच केलेला नाही. आम्ही वाट बघतोय."

सगळ्यांच्या माना हळूहळू दयारामजींकडं वळल्या.

झालं होतं ते असं. आपल्या बोर्डाच्या सनदेवर आधी आडनाव असतं, मग स्वतःचं नाव, मग बापाचं: अवसरमोल मनाली दयाराम. पहिलीच्या दाखल्यापासून मनाली अशीच लिहिली गेली होती. दयारामजींनी परीक्षेच्या फॉर्मवर पहिल्या चौकटीत सनदेवरचं पहिलं भरलं, मधल्या चौकटीत मधलं, शेवटच्या चौकटीत शेवटचं. अमेरिकेत पहिलं म्हणजे स्वतःचं आणि शेवटचं म्हणजे आडनाव, हे ना त्यांना सुचलं ना गुलाम रसूलला. नागपूरच्या केंद्रावर पासपोर्ट तपासणाराही आपल्याकडचाच, त्यानं तिन्ही नावं पाहिली आणि "जा ताई" म्हटलं. स्कोअरच्या कागदावर मनालीनंही तेच पाहिलं होतं, पण जन्मभर जे पाहिलं ते कोणाला खटकतं? अर्जावर मात्र तिनं सरळ 'मनाली अवसरमोल' लिहिलं. म्हणजे कॉलेजात दोन फायली झाल्या. एकीत सगळं होतं, स्कोअर नव्हता. दुसरीत फक्त स्कोअर होता, आणि दयारामजींनी आपल्या सहीनं पाठवलेला एकेक कागद त्याच दुसऱ्या फायलीत जाऊन बसत होता. लेकीसाठी म्हणून त्यांनी जेवढं केलं, तेवढी ती चुकीची फाईल जाड झाली.

गुलाम रसूलच्या तोंडून पहिला आवाज निघाला. "दयाराम्या, मॅट्रिकले इंग्रजीत दोनदा गचकला होता तू. आन् अमेरिकेत एवढे मार्क?"

बिस्मिल्लाचा पदर तोंडात गेला. मनालीचे खांदे हलायला लागले, आणि ती रडते आहे की हसते आहे हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

"प्रतिज्ञापत्र करा!" शेषराव गुरुजी खुर्चीतून उठले. "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, स्टँपपेपरवर! नोटरी करा! राजपत्रात जाहिरात द्या!"

तेवढ्यात बाईनं अकीलला विचारलं, "पण हे मिस्टर दयाराम आहेत तरी कोण?"

दयारामजींनी शर्टाचं वरचं बटन लावलं. साहेबापुढं जातात तसे फोनपुढं जाऊन उभे राहिले. तोंड लालेलाल झालं होतं. वीस माणसांच्या कचेरीत त्यांनी कधी चूक कबूल केली नव्हती, कारण कधी केलीच नव्हती.

"मॅडम, आय ॲम दयाराम," ते म्हणाले. "फादर. स्कोअर इज डॉटर." मग इंग्रजी संपलं. त्यांनी मनालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीतच सांगितलं, "हुशार हे हाय मॅडम. म्या फक्त फॉर्म भरला. शिक्षा कराची असंन तर मले करा, तिले नका करू."

अकीलला त्याचं इंग्रजी करायला जरा वेळ लागला. बाईनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तिच्या पासपोर्टची प्रत पाठवा. आत्ता."

मनालीनं पाठवली. बाईनं कळा दाबल्या. लॅपटॉपवर मनालीनं ते पान पुन्हा उघडलं, आणि स्कोअरपुढं हिरवी खूण उगवली.

"एवढ्यात होते?" शेषराव गुरुजी हताश होऊन खाली बसले. "स्टँपपेपर नाही, काही नाही. मंग देश चालते कसा त्याहिचा?"

सुवर्णाबाईंनी देव्हाऱ्याकडं, म्हणजे बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीकडं पाहून हात जोडले आणि मग तेच हात नवऱ्याच्या पाठीवर एक धपाटा घालायला वापरले. मनाली उठून बापाच्या गळ्यात पडली. पण दयारामजींचं अजून संपलं नव्हतं.

"अकील बेटा," ते लेकीच्या खांद्यावरून म्हणाले, "पोच घे."

"काका, झालं ना. हिरवं आलं."

"हिरवं मशीननं देलं. मशीनवर माहा भरोसा नाही. बाईले म्हनावं, एक शिक्का."

बाईकडं शिक्का नव्हता. त्या अख्ख्या कॉलेजात कोणी शिक्का मारत नव्हतं. तिनं तीन खण उघडले आणि शेवटी पार्सलवर तारीख उठवायचं एक जुनं यंत्र सापडलं. तिनं ते कागदावर दाबलं, खाली सही केली आणि कागद फोनपुढं धरला. दयारामजींनी चष्मा सावरून तारीख वाचली, सही पाहिली.

"आता तीळगूळ दे," ते म्हणाले.

बाई आधी नाही म्हणाली, तिथं घेत नाहीत म्हणे. अकीलनं सांगितलं की हा सण आहे आणि याचा निर्णय वरून झालेला आहे. मग तिनं एक खाल्ला, आणि एक पर्समध्ये ठेवताना तिला सगळ्यांनी पाहिलं.

मिशीचा प्रश्न त्याच रात्री निघाला. गुलाम रसूलनं कात्रीच मागितली. दयारामजी म्हणाले, "एका अक्षराची चूक दाखव म्हटलं होतं. अक्षर एक बी चुकलं नाही. चौकटी चुकल्या." पंचांनी, म्हणजे सुवर्णाबाईंनी, मिशी सोडली.

होळीच्या सुमारास मनालीला प्रवेशाचं पत्र आलं, पुढं शिष्यवृत्तीही मिळाली. त्याच आठवड्यात मिस्टर दयाराम यांनाही एक पत्र आलं: आपला अर्ज न आल्यामुळं आपली निवड करता आली नाही, याचं आम्हाला मनापासून दुःख आहे, पुढच्या वर्षी जरूर प्रयत्न करावा. दयारामजींनी त्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि ते कपाटावर ठेवलं.

श्रावणात मलकापूरहून मुंबईच्या गाडीत मनालीला बसवायला सगळे गेले. तिच्या बॅगेत काळ्या मातीची एक डबी होती. ती परवानगीच्या सगळ्या कागदांसह, आणि हे कागद दयारामजींनी नव्हे, मनालीनं भरले होते. गाडी आली, सामान चढलं, लेक पाया पडली. दयारामजींनी तिच्या बॅगेचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. गाडी हलली. मनाली दारातून हात हलवत राहिली, मग दिसेनाशी झाली, मग शेवटचा डबाही दिसेना.

सुवर्णाबाईंनी डोळे पुसले. "चला आता."

दयारामजी हलले नाहीत.

"अवो, गाडी गेली."

"जाऊ दे," ते म्हणाले. "पोचेपर्यंत मांगं कोनीतरी उभं राहाले पाह्यजे."

"अमेरिकेत पोचेलोक?" गुलाम रसूल म्हणाला. "पागल झाला का बे? परवा पोचन थे."

गुलाम रसूलनं एकदा सुवर्णाबाईंकडं पाहिलं, एकदा रिकाम्या रुळांकडं पाहिलं, हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली आणि तोही दोस्ताच्या बाजूला उभा राहिला.